वेड्यावाकड्या आकारांचा धनी : प्रस्तावना

यंत्रयुगाचा इतिहास आपल्याकडे बहुधा लोखंड, कोळसा आणि वाफ यांच्या भाषेत सांगितला जातो. जेम्स वॉटचे इंजिन, स्टीफन्सनची आगगाडी, मग एडिसनचा दिवा, अशी ती ठरलेली वाट आहे. या वाटेवर लाकूड कुठेच लागत नाही. एकोणिसाव्या शतकाचा पूर्वार्ध मात्र डोक्यापासून पायापर्यंत लाकडी होता. जहाजे लाकडाची, त्यांच्या दोरखंडांच्या कप्प्या लाकडाच्या, गाड्यांची चाके, नांगर, माग, कुऱ्हाडीचे दांडे, चांभाराची कालबुते, बंदुकांचे दस्ते सारे लाकडाचे. ज्या लोखंडी यंत्रांनी हे युग घडवले, त्यांचे सुटे भाग ओतण्यासाठी लागणारे साचेही आधी लाकडातच कोरावे लागत. लाकडावर कोणते यंत्र चालेल आणि कोणते चालणार नाही, यावर कितीतरी उद्योगांचे भवितव्य अवलंबून होते.

लाकडाच्या कामांत दोन प्रकार यंत्राला लवकर वश झाले. सरळ कापणे आणि सपाट करणे हा एक, गोल कातणे हा दुसरा. पाण्यावर चालणाऱ्या करवती युरोपात मध्ययुगापासून होत्या आणि कातारी पायाने लेथ फिरवून खांब नि खेळणी कातत आला होता. खरी अडचण होती ती तिसऱ्या प्रकाराची. बंदुकीचा दस्ता धड सपाटही नसतो आणि धड गोलही नसतो. तो खांद्याशी रुंद, मुठीशी निमुळता, मध्येच वळलेला आणि पुढे नळीसाठी खोबणी असलेला. कालबूत म्हणजे तर माणसाचे पाऊलच. अशा वस्तू पटाशी, रंधा, कानस आणि डोळ्यांतल्या अंदाजावर घडत. त्या घडवणारा कारागीर वर्षानुवर्षांच्या सरावाने तयार होई, आणि त्याच्या हातचे कोणतेही दोन नग तंतोतंत सारखे नसत.

हा तिसरा प्रकार यंत्राच्या कह्यात आणणारा माणूस म्हणजे मॅसॅच्युसेट्सचा थॉमस ब्लँचर्ड. १७८८ ते १८६४ हा त्याचा काळ. पंचवीसच्या आसपास पेटंटे त्याच्या नावावर होती, पण त्यांतल्या एकानेच त्याचे आयुष्य व्यापले. वेडेवाकडे आकार कातणाऱ्या लेथचे ते पेटंट तब्बल बेचाळीस वर्षे जिवंत राहिले. हे पुस्तक त्या यंत्राविषयी जितके आहे, तितकेच त्या बेचाळीस वर्षांविषयी आहे. यंत्र कार्यशाळेत तयार होते हे खरे. पण ते कशाकशाला लागू पडते, त्यावर कुणाचा हक्क आहे, त्याच्यासारखेच दुसरे यंत्र ही नक्कल की नवा शोध, हे सारे कार्यशाळेबाहेर ठरते. ते अर्जाच्या भाषेत ठरते, न्यायालयात ठरते आणि कधी संसदेच्या मतदानात ठरते. ब्लँचर्डच्या आयुष्यात या दोन्ही बाजू इतक्या घट्ट विणल्या आहेत की एक सोडून दुसरी सांगताच येत नाही.

प्रथम पार्श्वभूमी. लाकूडकामाच्या यंत्रांवर पहिला व्यापक हक्क सांगितला तो सॅम्युएल बेंथम या इंग्रज नौका-अभियंत्याने. तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम हा त्याचा थोरला भाऊ. रशियात पोटेमकिनच्या चाकरीत बरीच वर्षे काढून सॅम्युएल इंग्लंडला परतला आणि १७९१ व १७९३ साली त्याने पेटंटे घेतली. रंधण्यापासून खोबणी पाडण्यापर्यंत लाकूडकामाच्या कितीतरी क्रिया त्यांत येतात. थोरल्या भावाच्या आदर्श तुरुंगाच्या योजनेत कैद्यांना लावता येईल असे काम हवे होते. कसबी सुतार जे हाताने करतो ते कसब नसलेल्याकडून यंत्राने करून घ्यायचे, हा विचार इतका जुना आहे आणि त्याची मुळे अशी कारागृहाच्या आराखड्यापर्यंत जातात.

पुढे बेंथम नौदलाच्या बांधकामाचा प्रमुख झाला आणि त्याच्याच पुढाकाराने पोर्ट्‌स्मथच्या गोदीत कप्प्या बनवण्याचा कारखाना उभा राहिला. योजना मार्क ब्रुनेलची, यंत्रे घडवली हेन्री मॉडस्लीने. एकामागून एक लावलेल्या ४५ यंत्रांवर १८०८ च्या सुमारास वर्षाला एक लाख तीस हजारांच्या घरात कप्प्या होऊ लागल्या. पूर्वी ११० कुशल माणसे करीत ते काम आता दहा साधे मजूर करू लागले, असा हिशेब तेव्हा मांडला गेला. एकाच वस्तूसाठी यंत्रांची अख्खी रांग लावण्याचा हा नामांकित नमुना. पण कप्पीचा आकार कितीही गोलसर असला तरी नियमित असतो. दस्त्याचे कोडे त्याने सुटले नव्हते.

कोड्याच्या उत्तराजवळ गेलेला आणखी एक माणूस होता, आणि तो होता खुद्द जेम्स वॉट. धंद्यातून निवृत्त झाल्यावर म्हातारपणी तो आपल्या माळ्यावरच्या कार्यशाळेत पुतळ्यांची नक्कल करणारी यंत्रे जुळवीत बसे. एक टोक मूळ पुतळ्यावरून फिरे आणि त्याच्या चालीने दुसरे टोक कोरीत जाई. वॉटने या यंत्राचे पेटंट कधी घेतले नाही. ती कार्यशाळा आज लंडनच्या विज्ञान संग्रहालयात मांडून ठेवली आहे. वॉट वारला १८१९ च्या ऑगस्टमध्ये, आणि त्याच सप्टेंबरात ब्लँचर्डला आपल्या लेथचे पहिले पेटंट मिळाले. दोघांना एकमेकांच्या कामाची वार्ता असल्याचे मानायला आधार नाही. पण नकलेची कल्पना एकाच्या हाती छंद राहिली आणि दुसऱ्याच्या हाती उद्योग झाली, हा फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पुढे न्यायालयांत ब्लँचर्डला पुन्हा पुन्हा एका प्रश्नाला तोंड द्यावे लागले : तुझे असे यात नवे काय?

ब्लँचर्डचा जन्म सटन गावच्या एका शेतकऱ्याच्या घरी झाला. बोलताना तो अडखळे, शाळेत त्याचे फारसे चालले नाही, पण चाकूने लाकूड तासण्यात मन रमे. तेराव्या वर्षी त्याने सफरचंदे सोलण्याचे यंत्र केले, असे सांगतात. थोरल्या भावाचा चुका, म्हणजे चपट्या डोक्याचे बारीक खिळे, बनवण्याचा धंदा होता. तिथे एकेका चुकेचे डोके हातोडीने ठोकत बसणे हे थॉमसचे काम. त्या कंटाळ्यातून चुका बनवणारे यंत्र निघाले. ते पुरते साधायला त्याला सहा वर्षे लागली. मिनिटाला पाचशे चुका पाडणाऱ्या या यंत्राचे हक्क त्याने पाच हजार डॉलरला विकून टाकले. तेव्हा ती रक्कम मोठी वाटली असेल. पण विकून मोकळे व्हायचे की हक्क हाती ठेवून वर्षानुवर्षे भाडे घ्यायचे, या प्रश्नाचे उत्तर त्याने पुढच्या खेपेला अगदी वेगळे दिले.

मिलबरी गावात एसा वॉटर्स याचा बंदुकांचा कारखाना होता. बंदुकीची नळी लेथवर कातता येई, पण तिचा मागचा भाग गोल नसतो. त्याला काही बाजूंनी सपाटी आणि काही ठिकाणी अंडाकृती उतार असतो, आणि तो कानशीने घासून काढावा लागे. वॉटर्सने ब्लँचर्डला बोलावले. त्याने लेथला कॅमची, म्हणजे फिरता फिरता हत्याराला मागेपुढे ढकलणाऱ्या उंचसखल चकतीची, जोड दिली आणि गोल कातता कातता ती आपोआप सपाट व अंडाकृती कातू लागली. हे पाहायला जमलेल्यांपैकी दस्ते घडवणारा एक कारागीर म्हणाला की माझ्या कामाला मात्र याच्याकडून धोका नाही, कारण दस्ता काही लेथवर कातता येणार नाही. ब्लँचर्डने ते मनात धरले आणि घोडागाडीतून घरी जाताना ब्रिमफील्डजवळ त्याला युक्ती सुचली, अशी ही कथा आहे.

कथा सुरेख आहे आणि म्हणूनच जपून घ्यायला हवी. ती आपल्यापर्यंत येते १८७८ साली छापलेल्या एका चरित्रात्मक लेखातून, आणि तो लिहिणारा होता त्या कारखानदार वॉटर्सचा मुलगा. घटनेनंतर सहा दशकांनी, घरच्या आठवणींतून लिहिलेला हा मजकूर. शोधाचा क्षण गाडीतच उगवला की अनेक रात्रींच्या खटपटीनंतर, याचा निकाल त्यावरून लावता येत नाही. एक गोष्ट मात्र यंत्राकडे पाहूनच पटते. नळीवरचे काम हीच दस्त्याच्या लेथची पूर्वतयारी होती. नळी कातताना कॅमने एका ठिकाणची चाल बदलली होती. दस्त्याच्या वेळी ब्लँचर्डने स्वतःला विचारले असावे, की संपूर्ण वस्तूच कॅम झाली तर?

आता यंत्राची घडण. झुलणाऱ्या एका चौकटीत दोन गोष्टी बसवलेल्या असतात. एक नमुन्याचा दस्ता आणि दुसरा त्याच मापाच्या दस्त्यासाठी आणलेला अक्रोडाचा ओबडधोबड तुकडा. दोन्ही एकाच गतीने, हळूहळू स्वतःभोवती फिरतात. नमुन्यासमोर एक गुळगुळीत चाक टेकलेले असते, त्याचे काम फक्त स्पर्श करण्याचे. कच्च्या तुकड्यासमोर त्याच व्यासाचे दुसरे चाक असते. त्याच्या कडेवर धारदार पाती असतात आणि ते अतिशय वेगाने फिरते. नमुन्याचा फुगीर भाग स्पर्शचाकापुढे आला की तो चौकटीला मागे ढकलतो, आणि चौकटीबरोबर कच्चा तुकडाही तेवढाच मागे सरकतो, म्हणून तिथे कमी कापले जाते. खोलगट भाग आला की चौकट पुढे येते आणि पाती खोल जातात. दरम्यान ही दोन्ही चाके जोडीने दस्त्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सावकाश सरकत असतात. त्यामुळे कापण्याची रेघ मळसूत्रासारखी सगळ्या अंगावरून फिरते आणि शेवटी नमुन्याचा जुळा भाऊ हाती येतो.

बाजारात चावीवाल्याच्या छोट्या यंत्रावर एकीकडे जुनी चावी आणि दुसरीकडे कोरी पट्टी अडकवून नवी चावी पाडली जाते, तिच्यामागची कल्पना हीच. फरक एवढाच की चावीची फक्त एक कड कापायची असते, ब्लँचर्डला संपूर्ण घनाकृती सर्व बाजूंनी उतरवायची होती. स्पर्शाच्या आणि कापणाऱ्या चाकांचा व्यास सारखा असणे ही यातली कळीची गोष्ट. तो सारखा नसेल तर प्रत्येक वळणावर नक्कल चुकते. नमुना आणि लाकूड परस्परांच्या उलट दिशेने फिरवले तर आरशातले प्रतिबिंब उतरते, म्हणजे उजव्या कालबुतावरून डावे निघते. यंत्र चालवणाऱ्याला दस्त्याचा आकार ठाऊक असण्याची गरजच उरली नाही. आकार आता कारागिराच्या हातात नव्हता, नमुन्यात होता.

यंत्राच्या मर्यादाही सांगायला हव्यात. पात्यांच्या खुणा लाकडावर राहत आणि त्या हाताने घासून काढाव्या लागत. नळीची खोबण, चापाच्या यंत्रणेसाठी कोरायची खळगी, पितळी पट्ट्यांच्या जागा हे काही लेथने होत नसे. एवढ्या एका यंत्रावर बंदुकांचे कारखाने बदलले असते असे मानणे चूक ठरेल. ते बदलले ब्लँचर्डने पुढे जे केले त्यामुळे.

स्प्रिंगफील्ड इथल्या सरकारी शस्त्रशाळेचा प्रमुख रॉझवेल ली याने ब्लँचर्डला बोलावून घेतले. सारखे सुटे भाग आणि मोजमापाची शिस्त यांविषयी लीचा आग्रह होता आणि नव्या माणसांना संधी देण्याची तयारीही. हार्पर्स फेरीच्या दुसऱ्या शस्त्रशाळेतही ब्लँचर्डची लेथ बसवली गेली. १८२० च्या दशकात तो स्प्रिंगफील्डला कंत्राटदार म्हणून राहिला. जागा, पाण्याची शक्ती आणि यंत्रे सरकारची, माणसे त्याची, दर दस्त्यामागे ठरलेले ३७ सेंट. या काळात त्याने दस्त्याच्या कामाचे टप्पे पाडले आणि प्रत्येक टप्प्याला वेगळे यंत्र दिले. आधी लाकूड करवतणे, मग लेथवर बाहेरचा आकार, मग नळी बसण्याची खोबण, चापाची खळगी, पट्ट्यांच्या जागा, अशी अखेर चौदा यंत्रांची रांग तयार झाली. खळगी कोरणाऱ्या यंत्रांतही तत्त्व तेच. नमुन्याच्या खळगीत फिरणारे टोक, आणि त्याच्या चालीने लाकडात फिरणारे पाते.

या रांगेमुळे कसबी दस्तेकाराची जागा काय झाली, हा प्रश्न पुस्तकात सविस्तर आला आहे. त्याचे उत्तर एका ओळीत देता येत नाही. त्याच्या हातचे संपूर्ण काम गेले, हे उघड आहे. पण नमुने घडवणारे, पाती लावणारे, यंत्रे नीट राखणारे असे नवे कसबी त्याच शस्त्रशाळेत तयार झाले आणि तिथून आजूबाजूच्या खोऱ्यात पसरले. इंग्रज अभियंता जोसेफ व्हिटवर्थ १८५३ साली अमेरिका पाहून गेला. स्प्रिंगफील्डला एका दस्त्याला सगळी यंत्रे मिळून सुमारे २२ मिनिटे लागतात, अशी नोंद त्याने केली.

आता पेटंटाकडे वळू. अमेरिकेत तेव्हा १७९३ चा कायदा चालू होता. त्यानुसार पेटंट १४ वर्षांचे असे आणि ते देताना शोध खरोखर नवा आहे की नाही याची कुणी तपासणी करीत नसे. अर्ज, वर्णन, चित्रे आणि शुल्क दिले की कागद हाती येई. तो टिकतो की नाही हे पुढे न्यायालयात कळे. त्यामुळे वर्णन कसे लिहिले आहे याला विलक्षण महत्त्व होते. ब्लँचर्डचे पहिले पेटंट ६ सप्टेंबर १८१९ चे. वर्णन सुधारून त्याने २० जानेवारी १८२० रोजी नवे घेतले आणि पुढची सारी लढाई याच कागदावर झाली. या पेटंटाच्या मथळ्यात बंदूक नाही आणि दस्ताही नाही. आहेत ते ‘अनियमित आकार’. शस्त्रशाळेसाठी जन्मलेल्या यंत्राला त्याने अशा व्यापक नावाखाली नोंदवले, की कालबूत, चाकाचे आरे, कुऱ्हाडीचे दांडे, टोपीचे साचे, वल्ही हे सारे त्याच्या छत्राखाली आले.

या छत्राचे त्याने तुकडे पाडून हक्क विकले. कुणाला एका प्रांतात कालबुते करण्याचा हक्क, कुणाला दुसऱ्या प्रांतात आरे करण्याचा. वस्तूनुसार वेगळा करार, प्रदेशानुसार वेगळा. दस्ते कातण्याच्या नावाने एक कंपनीही निघाली आणि दाव्यांत तिचे नाव वारंवार दिसते. चुकांच्या यंत्राच्या वेळी एकरकमी पैसे घेऊन मोकळा झालेला माणूस आता लाकडाच्या प्रत्येक वाकड्या वस्तूमागे आपला वाटा मागत होता. साहजिकच चोरून लेथ चालवणारेही खूप निघाले. लेथ एकदा पाहिली की गावच्या हुशार सुताराला ती बनवता येई. दस्त्याचे गिऱ्हाईक एकच, सरकार. दांड्याचे आणि आऱ्याचे गिऱ्हाईक गावोगाव. त्यामुळे ज्या व्यापकतेने पेटंट मौल्यवान झाले, तिनेच ते राखणे कठीण करून ठेवले.

या दाव्यांतला सर्वांत महत्त्वाचा निकाल न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांचा. ब्लँचर्ड विरुद्ध स्प्रेग या खटल्यात प्रतिपक्षाने नेमका वर्मावर घाव घातला. त्यांचे म्हणणे असे, की हा माणूस एखादे यंत्र मागत नाही, नमुन्यावरून आकार उतरवण्याची क्रियाच मागतो आहे, आणि क्रियेवर किंवा तत्त्वावर कुणाचा हक्क असू शकत नाही. स्टोरी यांनी मुद्दा मान्य केला आणि निष्कर्ष नाकारला. निव्वळ तत्त्वाचे पेटंट टिकणार नाही, हे त्यांनी स्पष्ट केले. पण ब्लँचर्डचे वर्णन सलग वाचले तर तो मागतो आहे ते विशिष्ट यंत्ररचनेतून साकारलेले कार्य, असे त्यांनी ठरवले. शिवाय पेटंटाकडे संशयाच्या नजरेने न पाहता, ते बुद्धिमान माणसाच्या श्रमाचे रास्त मोल आहे या भावनेने त्याचा उदार अर्थ लावावा, असा दंडक त्यांनी घालून दिला. यंत्र कोठे संपते आणि तत्त्व कोठे सुरू होते, ही सीमारेषा आजही पेटंटाच्या कायद्याला छळते. संगणकीय आज्ञावलींवरच्या आजच्या वादांत तोच प्रश्न नव्या कपड्यांत उभा असतो.

न्यायालयाबरोबर दुसरी आघाडी होती काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची. १८३४ साली चौदा वर्षे संपली तेव्हा नकलखोरांमुळे आपल्याला शोधाचे पुरेसे फळ मिळाले नाही, असे ब्लँचर्डने मांडले आणि काँग्रेसने खास कायदा करून आणखी चौदा वर्षे दिली. त्या कायद्याच्या मजकुरात अशी गफलत झाली की त्याचा हेतूच निष्फळ होऊ लागला. ती निस्तरण्यासाठी १८३९ साली दुसरा कायदा करावा लागला. १८४८ साली पुन्हा चौदा वर्षे वाढवून मिळाली. या वेळी ब्लँचर्डने आपल्या लेथवर मोठमोठ्या राजकारण्यांचे अर्धपुतळे कातून ते वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये मांडले, आणि त्याने काँग्रेसच्या सभासदांची डोकी फिरवली असा विनोद सुप्रसिद्ध वकील रूफस चोट याने केला, अशी आख्यायिका आहे. विनोद कुणाचा आणि कधीचा याची खात्री देता येत नाही, पण युक्ती ब्लँचर्डला शोभणारी आहे. बोलताना अडखळणाऱ्या माणसाने आपले म्हणणे यंत्राकडून वदवून घेतले.

त्याच काळातले दुसरे एक पेटंट शेजारी ठेवले तर चित्र पुरे होते. न्यूयॉर्क राज्यातल्या विल्यम वुडवर्थने १८२८ साली फळ्या रंधण्याच्या आणि त्यांना जीभ व खोबण पाडण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. ते १८४२ साली सात वर्षांनी वाढले, आणि १८४५ मध्ये काँग्रेसने आणखी सात दिली. जमिनीला आणि भिंतीला लागणारी जवळपास प्रत्येक रंधलेली फळी या हक्काखाली आली. हक्क विकत घेणाऱ्या मंडळींनी देश वाटून घेतला आणि दर ठरवले. लोकांच्या तक्रारींचे अर्ज काँग्रेसकडे येत राहिले आणि १८५६ मध्ये पुढची वाढ मिळाली नाही. वुडवर्थचे नाव मक्तेदारीचे उदाहरण म्हणून राहिले. ब्लँचर्ड त्या बदनामीतून बराचसा सुटला, कारण तो शेवटपर्यंत स्वतः नवी यंत्रे करीत राहिला.

लेथची कीर्ती समुद्रापार गेली ती १८५० च्या दशकात. लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनात अमेरिकी बंदुकांनी इंग्रजांना विचारात पाडले. व्हिटवर्थचा अहवाल आला, १८५४ साली अभियंत्यांचे सरकारी मंडळ अमेरिकेत गेले, आणि स्प्रिंगफील्डला लागून असलेल्या चिकोपीच्या एम्स कंपनीकडून दस्त्याच्या यंत्रांचा संच विकत घेऊन एनफिल्डच्या शस्त्रशाळेत बसवला गेला. एनफिल्डचे नाव घेताच आपल्याला १८५७ आठवते. इथे उतावीळ होऊ नये. नव्या यंत्रांवर एनफिल्डचे उत्पादन त्याच सुमारास जेमतेम सुरू होत होते. त्याआधीच्या रायफलींचे दस्ते बरेचसे बर्मिंगहॅमच्या कारागिरांच्या हातचे होते. त्या उठावातल्या काडतुसांचा ब्लँचर्डच्या लेथशी थेट संबंध जोडता येत नाही. पुढच्या काळातल्या साम्राज्याच्या बंदुकांशी मात्र तो जोडता येतो.

ब्लँचर्डच्या इतर कामांपैकी दोहोंचा उल्लेख पुरे. १८२५ साली त्याने रस्त्यावर चालणारी वाफेची गाडी केली, तिला कुणी वाली मिळाला नाही. १८२८ पासून त्याने कनेक्टिकट नदीच्या खळाळातून चढून जाणाऱ्या उथळ तळाच्या आगबोटी बांधल्या. या दोहोंपेक्षा मोलाचे आहे ते १८४९ चे लाकूड वाकवण्याचे पेटंट. वाफवलेले लाकूड वाकवले की बाहेरच्या बाजूचे तंतू ताणले जाऊन फाटतात. लाकूड दाबले तर बरेच आकुंचन सोसते, ताण मात्र फारच थोडा. म्हणून ब्लँचर्डने वाकवता वाकवता दोन्ही टोकांकडून दाब दिला. वळण मग ताणातून न होता दाबातून झाले आणि लाकूड अखंड राहिले. जहाजाच्या फासळ्या, चाकाचे पुठ्ठे, खुर्चीचे हात, नांगराची रुमणी आणि शाळेच्या पाट्यांच्या चौकटी अशा रीतीने वाकवल्या गेल्या. त्याच सुमारास ऑस्ट्रियात मिखाएल टोनेटनेही बाहेरच्या अंगाला धातूची पट्टी आवळून हाच पेच सोडवला आणि आपल्या प्रसिद्ध खुर्च्या घडवल्या. लेथने लाकूड काढून टाकून आकार दिला, या यंत्राने काहीच न काढता. दोन्हींमागे लाकडाचा स्वभाव जाणणारा एकच माणूस आहे.

साधनांविषयी थोडे. १८३६ च्या डिसेंबरात वॉशिंग्टनचे पेटंट कार्यालय जळाले आणि तोवरचे बहुतेक कागद नष्ट झाले. जुन्या पेटंटांच्या प्रती पुढे शोधकांकडून मागवून पुन्हा जमवाव्या लागल्या. ब्लँचर्डसारख्याच्या बाबतीत खटल्यांचे निकाल आणि शस्त्रशाळेचा पत्रव्यवहार म्हणूनच बहुमोल ठरतात. स्प्रिंगफील्डला त्याची एक लेथ आजही जपलेली आहे. कॅरोलिन कूपर यांनी १९९१ साली ब्लँचर्डवर लिहिलेल्या ग्रंथात यंत्र आणि पेटंटाची व्यवस्था यांचा एकत्र विचार केला. मेरिट रो स्मिथ यांच्या हार्पर्स फेरीवरच्या ग्रंथाने कारागिरांची बाजू दाखवली. या विषयाकडे वळणाऱ्याला हे दोन्ही टाळता येत नाहीत. ज्यांना यंत्रांत रस आहे त्यांनी स्प्रिंगफील्डच्या प्रकरणापासून आरंभ करावा. ज्यांना कायद्यात आहे त्यांनी स्टोरी यांच्या निकालापासून. दोन्ही वाटा १८४८ च्या मुदतवाढीपाशी एकत्र येतात.

त्या मुदतवाढीविषयी माझे मत सांगून ही प्रस्तावना पुरी करतो. पहिली चौदा वर्षे ब्लँचर्डची निर्विवाद कमाई होती. दुसऱ्या मुदतीचे समर्थन करता येते. तपासणी न करता कागद देणाऱ्या आणि तो राखण्याचा भार शोधकावरच टाकणाऱ्या कायद्याने त्याची बरीच वर्षे खाल्ली होती. तिसरी मुदत मात्र मला पटत नाही. १८४८ पर्यंत ही लेथ साऱ्या उद्योगाची सामाईक भाषा झाली होती आणि तिचे मोल भरत होता तो कुऱ्हाडीचा दांडा विकत घेणारा शेतकरी. शिवाय ही मुदत मिळाली ती सर्वांना लागू असलेल्या नियमाने नव्हे, तर एकट्याच्या अर्जावर झालेल्या मेहेरबानीने. तशी मेहेरबानी मिळवायला वॉशिंग्टनला जाऊन बसण्याइतकी ऐपत आणि ओळख लागते. १८६१ च्या कायद्याने पेटंटाची मुदत सरसकट १७ वर्षे केली आणि पेटंट कार्यालयाकडून नव्या पेटंटांना वाढ मिळण्याची सोय बंद केली, ती याच अनुभवाची शिकवण. पुढच्या वर्षी, यादवी युद्ध भरात असताना, ब्लँचर्डचे पेटंट संपले. स्प्रिंगफील्डला त्या युद्धात लाखो दस्ते कातले गेले, आणि ती लेथ चालवायला आता कुणाची परवानगी लागत नव्हती. पेटंटाचा करार मुळात असाच असतो : काही वर्षे एकट्याचे, मग सगळ्यांचे. ब्लँचर्डच्या बाबतीत त्या कराराचा दुसरा भाग यायला एका माणसाचे जवळजवळ संपूर्ण कर्ते आयुष्य लागले. त्याचे थोरपण मान्य करूनही हा हिशेब वाचकाने स्वतः मांडून पाहावा, यासाठी हे पुस्तक आहे.